कापसाच्या गोदामातले सात शब्द

धुळ्याहून, म्हणजे आमच्या मंडळीच्या मुख्य कार्यालयातून, निरोप आला की प्रत्येक गावच्या मंडळीनं एक मैत्री समिती नेमावी. इतर ख्रिस्ती पंथांशी आणि इतर धर्मांच्या शेजाऱ्यांशी नातं जोडावं, नुसतं सणाला हात हलवून भागवू नये. पाळकसाहेबांनी रविवारी उपासना संपल्यावर तो निरोप वाचून दाखवला आणि त्यांचं वाचून व्हायच्या आत माझा हात वर गेला. मी पाचोऱ्यात एका शाळेत शिकवते. पोरांना हात वर करायला शिकवता शिकवता ती खोड मलाच जडली आहे.

समितीत तिघं झालो. मी, आमचे नवे पाळकसाहेब आणि आबा. पाळकसाहेब तरुण, सज्जन, आणि प्रत्येक वाक्य कागदावर लिहून आणल्याशिवाय तोंड न उघडणारे. आबा म्हणजे मंडळीतले सगळ्यात ज्येष्ठ पंच. त्यांना समितीत कशासाठी घातलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. समिती फार पुढं जाऊ नये म्हणून.

मला मात्र घाई होती, आणि ती धुळ्याच्या निरोपामुळं नव्हती, आईमुळं होती. माझी आई मूळची कॅथलिक घरातली. लग्न होऊन आमच्या प्रोटेस्टंट मंडळीत आली आणि इथलीच झाली. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, जळगावला असते, ती कॅथलिकच राहिली. दोघींचं गूळपीठ जन्माचं, रोज फोन, लग्नाकार्यात एकाच चुलीपुढं. पण उत्तम शुक्रवारी, ज्याला बाकीचे लोक गुड फ्रायडे म्हणतात त्या दिवशी, आई आमच्या चर्चमध्ये आणि मावशी तिच्या. लहानपणी त्या दिवशी दोघी एकाच गोधडीवर बसून तीन तास उपास काढायच्या, हे आईकडून मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ती गोधडी मीच शिवली असं मला वाटतं. समिती झाल्याचं कळलं तसं आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"मन्ही बहीणना जोडे बसनं शे माले. त्या दिनले. मरानं आदुगर."

मरणाचं नाव काढलं की मी चिडते. चिडले की माझ्याकडून कामं फार झपाट्यानं होतात, हे आईला पक्कं माहीत आहे.

ठरलं असं की उत्तम शुक्रवारची उपासना आसपासच्या सगळ्या पंथांनी मिळून करायची. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन आम्ही बसतो. येशूनं वधस्तंभावरून जे सात शब्द उच्चारले, त्या एकेका शब्दावर एकेक जण संदेश देतो. पहिला क्षमेचा, मग चोराला दिलेल्या आश्वासनाचा, मग आईचा, असे सात. शब्द सात आणि गोळा करून पंथही बरोबर सात भरत होते. हे मी आबांना सांगितलं तेव्हा माझा आवाज इतका चढला होता की त्यांच्या दारातली शेळी उठून उभी राहिली.

आबांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला.

"एकदाव करी देखू," ते म्हणाले. "पन सातमाईन एक बी शब्द हुकना, तं पुढला वरीस जो तो आपला घर. पुन्हा नाव काढानं नही."

मी होकार भरला. सात शिकल्यासवरल्या धर्मगुरूंना एकेक शब्द सांभाळायचा, त्यात हुकायचं काय?

मग आम्ही फिरायला लागलो. जळगावच्या फादरांकडे गेलो. ते इतके आनंदले की कॉफी करायला स्वतः उठले आणि साखर घालायची विसरले. बोदवडच्या मंडळीत गेलो. तिथं उपासनेत ढोलक, टाळ्या आणि एवढा मोठा आवाज, की पाळकसाहेबांनी कानात बोट घालायचा मोह कसाबसा आवरला. मी मात्र दुसऱ्या गीतापासून टाळ्या वाजवत होते. धुळ्याच्याच, पण दुसऱ्या पंथाच्या एका मंडळीचे वयस्कर उपदेशक होते. त्यांनी आमच्या पंथाविषयीच्या सगळ्या तक्रारी आधी सांगून घेतल्या, आम्ही ऐकून घेतल्या, आणि मग ते म्हणाले, येतो. तक्रार सांगून झाली की माणूस हलका होतो हे मला तिथं कळलं. तीन-चार आठवडे माझे पाय जमिनीवर नव्हते. शाळेत फळ्यावर गणित लिहितानाही मनात पंथच मोजत होते.

अडलं ते जागेवर. कोणाच्या चर्चमध्ये जमायचं? आमच्याकडे म्हटलं तर बोदवडकरांचे चेहरे पडले, कॅथलिकांकडे म्हटलं तर आबांची मिशी थरथरायला लागली, आणि धुळ्याचे उपदेशक म्हणाले, मग आमच्याकडेच या ना. दोन बैठका यातच गेल्या. दुसरी बैठक आमच्या ओसरीत चालली होती आणि शेजारचे नाना कुंपणाशी उभं राहून ऐकत होते. नाना कापूस आणि केळीवाले शेतकरी. नाताळात आमच्या करंज्या त्यांच्या घरी आणि पोळ्याला त्यांच्या पुरणपोळ्या आमच्या घरी, एवढा आमचा व्यवहार. आमच्या देवाधर्माच्या बोलण्यात त्यांनी कधी तोंड घातलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्यांना राहवलं नाही.

"आते कसाले भांडतस?" ते म्हणाले. "मन्हं गोडाऊन रिकामं शे. कापूस बठ्ठा गया. आठे बठा."

मला हसू आवरेना. सात ख्रिस्ती पंथांना एकत्र बसायला जागा मिळाली ती एका हिंदू शेतकऱ्याच्या कापसाच्या गोदामात, आणि ती सगळ्यांना एका मिनिटात पटली, कारण ती कुणाचीच नव्हती.

दुसरं अडलं ते वाटपावर. प्रत्येकाला आईचा शब्द हवा होता, नाहीतर क्षमेचा. त्यावर डोळ्यांत पाणी आणणारं बोलता येतं ना. इथं आबा मधे पडले. त्यांनीच तोडगा काढला.

"आकडा काढा," ते म्हणाले. "ज्याना नशिबमा जो ऊना, तो त्याना."

एक ते सात चिठ्ठ्या टाकल्या. फोनवरून ज्याला त्याला आपापला आकडा कळवला. फादरांना आईचा शब्द मिळाला, तिसरा. धुळ्याच्या उपदेशकांना चौथा. आमच्या पाळकसाहेबांना पाचवा. कुणी कुरकुर केली नाही. मी आबांची तोंडभरून स्तुती केली आणि ते पहिल्यांदा समितीच्या बैठकीत हसले.

त्या वर्षी उत्तम शुक्रवार रमजानमध्ये आला होता. आमच्या गल्लीच्या टोकाला उर्दू शाळेचे निवृत्त हेडमास्तर राहतात. मी लहान असताना त्यांनी मला सायकल शिकवली आहे. धुळ्याच्या निरोपात इतर धर्मांच्या शेजाऱ्यांनाही बोलवा असं होतं, म्हणून मी त्यांना आणि नानांना आमंत्रण दिलं. नाना तर गोदामाचे मालकच. हेडमास्तर म्हणाले, "रोजा आहे, तीन तास बसवेल का ते पाहतो. पण येतो. तू बोलावलंस आणि मी आलो नाही असं झालंय का?"

गोदाम आम्ही दोन दिवस झाडलं तरी सरकीचे दाणे फरशीच्या फटींतून निघतच राहिले. पत्रे तापलेले, दोन मोठे कूलर लावलेले, त्यांच्या वाऱ्याला खस आणि जुन्या कापसाचा वास. जळगावहून मिनीबस आली आणि तिच्यातून मावशी उतरली. आई काठी टेकत दारात उभीच होती. आईनं बायकांच्या बाजूला गोधडी अंथरली आणि हातानं थोपटून दाखवलं, इथं. मावशी बसली. मला इतका आनंद झाला की मी दोनदा विनाकारण गोदामाबाहेर जाऊन आले. उत्तम शुक्रवार हा शोकाचा दिवस, त्या दिवशी नाचावंसं वाटणं बरं नव्हे, पण वाटत होतं हे खरं.

पहिला शब्द झाला, दुसरा झाला. बोदवडकरांनी टाळ्यांशिवाय गीत म्हटलं, आमच्यासाठी, आणि ते त्यांना किती जड जात होतं हे त्यांच्या गुडघ्यांवरच्या बोटांवरून दिसत होतं. फादर आईच्या शब्दावर बोलले तेव्हा माझ्या आईनं पदर डोळ्यांना लावला आणि त्याच पदराचं दुसरं टोक मावशीनं घेतलं. आबा ताठ बसून बोटांवर मोजत होते. तीन झाले.

चौथ्याला धुळ्याचे उपदेशक उभे राहिले. बोलायला लागले आणि समितीच्या रांगेत माझ्या शेजारी बसलेले पाळकसाहेब एकदम पांढरेफटक पडले.

"काय झालं?" मी कुजबुजले.

"हे टाहोच्या शब्दावर बोलताहेत," ते म्हणाले. "माझ्याकडे पण टाहोचाच आहे."

क्षणभर मला काही कळेना. मग कळलं. जगभर चौथा शब्द म्हणजे देवानं आपल्याला टाकलं म्हणून फोडलेला टाहो, आणि पाचवा शब्द तहानेचा. पण आमच्या मंडळीत क्रम उलटा आहे. तहान आधी, चौथी, आणि टाहो पाचवा. का, ते कुणाला माहीत नाही. आमच्या एका फार जुन्या उपदेशकानं तसा पायंडा पाडला म्हणतात. आबांच्या वडिलांनी तो पाळला, आबा आजवर पाळत आले, आणि नव्या पाळकसाहेबांना आल्या-आल्या जे पहिलं शिकवलं ते हेच, की आपल्याकडे पाचवा म्हणजे टाहो. बिचाऱ्यांनी मन लावून तो लिहून आणला होता. धुळेकरांनी त्यांच्या रीतीनं चौथा म्हणजे टाहो धरला. दोघंही बरोबर. आणि तहानेचा शब्द कुणाच्याच वाट्याला आला नव्हता.

आकडे वाटायची कल्पना आबांची होती. क्रमही आबांचाच. पण ते सांगून उपयोग काय? अट अट होती. एक जरी शब्द हुकला, तरी पुढल्या वर्षी ज्याचं त्याचं घर.

"तहानेवर बोला ना तुम्ही," मी पाळकसाहेबांना म्हटलं.

"कागदाशिवाय?" ते असे म्हणाले जणू मी त्यांना विहिरीत उडी मारायला सांगत होते.

"तापी नर्मदा काही पण बोला! पाणीच तर आहे!"

आबांनी आमच्याकडे पाहिलं. त्यांना समजलं होतं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग काहीतरी दुसराच झाला, ज्याला मला अजून नाव देता येत नाही. बोटं मोजायची थांबली होती. मी बायकांच्या बाजूला पाहिलं. आई माझ्याकडेच बघत होती. तिला सगळं कळलं नव्हतं, पण काहीतरी बिघडलं आहे हे तिला माझ्या तोंडावरून कळलं, आणि तिनं मावशीचं मनगट धरलं.

चौथा संदेश संपला. पाळकसाहेब उठले आणि पुढं गेले. मग या कागदाच्या माणसानं कागद घडी करून खिशात घातला.

"मी खोटं बोलणार नाही," ते म्हणाले. "आमच्या वाटपात घोळ झाला. तहानेचा शब्द कुणाकडेच नाही. माझ्याकडेही नाही."

कुणीतरी खाकरलं. धुळ्याचे उपदेशक ओशाळून मान खाली घालून बसले. आणि बायकांच्या बाजूनं, माईक नसताना, संपूर्ण गोदामाला ऐकू जाईल असा आवाज आला. माझ्या आईचा.

"हेडमास्तरले इचारा! सकायपासीन त्यास्ना तोंडमा पानी नही. त्यास्ले म्हाईत शे तहान काय ऱ्हास ते."

माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. उत्तम शुक्रवार, सात पंथ, आणि एका मुसलमान शेजाऱ्यानं संदेश द्यायचा! पाळकसाहेबांनी फादरांकडे पाहिलं. फादरांनी मान हलवली, हो. बोदवडचे पास्टर म्हणाले, "बोलू द्या." मग सगळ्यांच्या माना आबांकडे वळल्या. आबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

हेडमास्तर मागच्या खुर्चीवर भिंतीला टेकून बसले होते. ते आधी हात जोडून नको म्हणाले. मग आईकडे बघून उठले. पुढं आले, पण जिथं बाकीचे उभे राहिले तिथं न जाता एक पाऊल अलीकडेच थांबले.

"या दिवसाबद्दल तुमचं आणि आमचं एक नाही," ते म्हणाले. "तुम्हालाही माहीत आहे, मलाही. त्यावर मी बोलणार नाही, तो माझा हक्क नाही. बाईंनी तहानेचं विचारलं म्हणून तेवढंच सांगतो."

त्यांचा आवाज कोरडा होता, शब्द सुटे सुटे पडत होते.

"लोक मला विचारतात, सर, रोज्यात भुकेचा त्रास होतो का? भूक दुपारी एकदा ओरडते आणि गप्प बसते. भूक लपवताही येते. तहान लपत नाही. आणि तहानेत सगळ्यात अवघड काय, सांगू? बोलणं. जीभ टाळूला चिकटते. आयुष्यभर वर्गात बडबड करणारा माणूस मी, या महिन्यात दुपारनंतर घरात इशाऱ्यानं बोलतो. तुमचा हा शब्द सातांत फार छोटा आहे असं मघाशी शेजारच्यांनी मला सांगितलं. मला नवल नाही वाटलं. तेवढाच बोलता आला असेल."

ते थांबले, घोट गिळायचा प्रयत्न केला.

"माझी संध्याकाळ मला माहीत आहे. अजान होईल, पाणी मिळेल. ज्याला संध्याकाळ माहीत नाही त्याची तहान वेगळी. त्याला मागावं लागतं. कुणापाशी मागतोय ते बघायलाही त्याला सवड नसते. समोर जो असेल त्याच्यापाशी. मी एवढंच म्हणेन की असा समोरचा आपण होऊ तेव्हा त्याला त्याची जात विचारू नये. बस. जास्त बोललो तर तुमच्यापुढं पडेन."

ते जाऊन बसले. कुणी आमेन म्हणावं की नाही हे कुणाला ठरवता येईना. मग बोदवडच्या बाकावरून एक आमेन आलं, आणि त्यांच्या पद्धतीनं ते मोठंच होतं, आणि मग गोदामभर आमेन झालं. मी रडत होते. लाज नाही वाटली. इतक्या वर्षांत मी तहानेच्या शब्दावर चांगले चांगले संदेश ऐकले, पण त्या शब्दानं माझा घसा कोरडा पडला तो त्या दिवशी.

सहावा, सातवा झाला. तीन वाजले. आमचा उपास तीनला सुटतो. नानांच्या घरच्यांनी लिंबू सरबताचे ग्लास फिरवले. तेवढ्यात एकानं सवयीनं हेडमास्तरांपुढंही ट्रे धरला, आणि चूक लक्षात येऊन जीभ चावली. ते हसून म्हणाले, "माझं संध्याकाळी."

आबांच्या हातात ग्लास होता. ओठांजवळ गेलेला. तो त्यांनी खाली फरशीवर ठेवला.

"हेडमास्तर पेतस नही," ते म्हणाले, "तं मी बी आते पेवाव नही."

मोठ्यानं नव्हे, शेजाऱ्याला सांगावं तसं. पण ऐकू सगळ्यांना आलं. काहींनी प्यायलं, लहान लेकरांच्या आयांनी, आजारी माणसांनी, आणि ते योग्यच होतं. बाकी एकामागून एक ग्लास फरशीवर टेकले. फादरांचा टेकला. धुळेकरांचा टेकला. आई आणि मावशीनं आपले दोन ग्लास गोधडीच्या कडेला एकमेकांना लावून ठेवले. मिनीबसचा ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गेला, मग तोही आत येऊन कूलरपुढं बसला.

संध्याकाळपर्यंत त्या गोदामात जे चाललं त्याला उपासना म्हणायचं की गप्पा, ते धुळ्याच्या कार्यालयाला विचारावं लागेल. फादर आणि धुळ्याचे उपदेशक सगळ्या जुन्या तक्रारी काढून बसले आणि भांडता भांडता एका बाजूला टेकून पेंगले. नाना हेडमास्तरांना कापसाचे भाव सांगत होते आणि मध्येच "तुम्ही बोलू नका, मीच बोलस" म्हणत होते. आबा एकटेच बसले होते. मी अधूनमधून त्यांच्याकडे बघत होते, पण विचारायचं धाडस होईना. तहानेचा शब्द हुकला म्हणायचा की झाला?

अजान झाली. नानांनी बागेतून आणलेल्या केळीच्या फण्या मधे ठेवल्या. हेडमास्तरांनी आधी खजूर, मग पाणी घेतलं. त्यांच्यानंतर आबांनी आपला कोमट झालेला ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. मग तोंड पुसून माझ्याकडे वळले.

"पुढला वरीस," ते म्हणाले, "आकडा नका वाटू. शब्दनं नाव सांगीसन वाटा."

मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. पुढला वरीस! मी धावतच बायकांच्या बाजूला गेले, पण आईनं आधीच ऐकलं होतं. ती मावशीच्या कानाशी वाकून ओरडून सांगत होती, "ऐकं का? पुढला वरीस म्हनतस आबा! पुढला वरीस बी!"

मावशीनं शांतपणे केळं सोललं. अर्धं आईला दिलं.

"मंग गोधडी मी आनसू," ती म्हणाली. "तुन्ही भलती पातळ शे. दिनभर सरकी टोचनी माले."